दशांशातला टायर

"सर, गमतीदार लिहा हं," असं बजावून गेली आहेत पोरं. पोरं म्हणजे आता चाळिशी उलटलेली, पोटं सुटलेली, पण शाळेची स्मरणिका काढायची म्हटल्यावर पुन्हा नववीतली झालेली. त्यांना वर्कशॉपच्या सरांवर माझ्याकडून दोन पानं हवी आहेत. मीच का, तर मी त्यांचा स्टाफरूममधला शेजारी. मी गणित शिकवायचो, ते टेक्निकलच्या पोरांना कानस आणि वेल्डिंग. एकोणीस वर्षं टेबलाला टेबल लावून बसलो आम्ही. आणि जाता जाता दारात उभं राहून विचारतात, "सर, तेवढा ठेंगू माणूस तेवढ्या उंच सायकलवर का बसायचा हो? पाय पोचायचे नाहीत पायडलला. फाटकाजवळ जांभ्या दगडाचा चिरा ठेवला होता त्यांनी, त्यावर चढून टांग मारायचे. आम्ही तो चिरा पळवायचो. मग सर हातात सायकल धरून चिरा शोधत फिरायचे. काय मजा यायची!"

मजा यायची म्हणे. मेल्यांनो, तुम्ही पाहिलीत ती त्यांच्या नोकरीची शेवटची दोन वर्षं. त्याआधी अठ्ठावीस इंची सायकलीवर त्या माणसाने टांगसुद्धा टाकली नव्हती. विचारलंच आहेत तर सांगतो. छापायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

उंची पाच फुटांना जरा कमीच. खाकी पँट, पांढरा सदरा, आणि खिशात पेनाच्या जागी खडूचा तुकडा आणि सुतळीची गुंडी. कुठेही उभी सायकल दिसली की हे उकिडवे बसायचे, सुतळी चाकाभोवती फिरवायचे, गाठ मारायचे आणि फुटपट्टीवर धरून पुटपुटायचे. बाजारात, देवळाबाहेर, कुठेही. एकदा आम्ही एका मयताला गेलो होतो. आत बायका रडताहेत आणि हा गृहस्थ अंगणात कुणाच्या तरी सायकलीपाशी बसलेला. मी दंडाला धरून उठवायला गेलो, तर म्हणतात, "थांबा हो गणितवाले, ही सव्वीसची आहे. दुकानदाराने अठ्ठावीसची म्हणून गळ्यात मारलीय बिचाऱ्याच्या."

मला ते कायम गणितवालेच म्हणायचे. नवीन माणूस भेटला की नाव-गाव नंतर, आधी "टांग किती?" एकदा शाळेत नव्या बाई आल्या. पहिल्याच दिवशी ह्यांनी त्यांना भर स्टाफरूममध्ये टांगेचं माप विचारलं. बाई रडत हेडमास्तरांकडे. हेडमास्तरांनी बोलावून घेतलं, तर हे शांतपणे सांगतात, "साहेब, बाईंना सायकल घ्यायचीय असं कानावर आलं. साडी नेसून चालवायची तर चोवीसचं चाक लागेल. कमरेपासून टाचेपर्यंत किती, एवढंच विचारत होतो." हेडमास्तरांना हसावं की रागवावं ते कळेना. बाईंनी पुढे चोवीसची घेतली, आणि बदली होऊन जाईपर्यंत चालवली, हेही सांगितलं पाहिजे.

"अठ्ठावीस इंच हे गोऱ्या साहेबाच्या टांगेचं माप आहे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "साहेब गेला, टांग ठेवून गेला. आपण अजून तिच्यावर लटकतोय!"

त्यांची स्वतःची सायकल त्यांनी वर्कशॉपमध्ये सांगाडा कापून, जोडून केलेली होती. पुढचं चाक बावीस, मागचं चोवीस. रस्त्याने जाताना ती कायम पुढे वाकून काहीतरी हुंगत चालल्यासारखी दिसायची. पोरांनी सरांना नाव ठेवलं होतं पाऊणचाके. त्यांच्या घरी गेलं की वहिनी चहा देता देता म्हणायच्या, "आमच्या घरात दोन चाकं एका मापाची सापडायची नाहीत हो. पाहुणे आले की मी सायकल मागच्या पडवीत लावते." आणि हे बशीतला चहा ओढत हसायचे.

ऐकून ऐकून मला त्यांचं सगळं पाठ झालं होतं. लहान चाकाच्या तारा आखूड, म्हणून ते ओझ्याने वाकत नाही, त्याचा वाकडेपणा, म्हणजे आऊट, सारखा काढावा लागत नाही. लहान चाकाला चढावर जोर कमी लागतो. बसणाऱ्याचे पाय जमिनीला टेकतात. आणि सामान खाली बसतं, त्यामुळे सायकल कलंडत नाही. तोटेही स्वतःच सांगायचे, ही एक गोष्ट त्यांच्याजवळ होती. "खड्ड्यात जास्त आपटतं. सपाटीवर पाय जास्त मारावे लागतात. मान्य! पण आपल्या रत्नागिरीत सपाटी आहे कुठे? दाखवा." खाली समुद्र, वर माळनाका, आणि मधलं सगळं गाव उतरणीवर. दाखवणार काय, कप्पाळ?

पण त्या मापाचे टायर गावात मिळायचे नाहीत. दुकानदार म्हणायचा, "सर, तुमच्या एकट्यासाठी कोण ठेवील?" मग एसटीच्या पार्सलने मागवायचे. एका पावसाळ्यात पार्सल कुठे अडकलं कोण जाणे, तीन आठवडे हे शाळेत चालत आले. चिखलाने पोटऱ्यांपर्यंत माखलेले. मी म्हटलं, "माझी अठ्ठावीसची न्या हो." तर म्हणतात, "नको. चालेन." शिंचा हट्ट! मला त्यांचा कंटाळा यायचा. हे आत्ताच लिहून टाकतो. डबा उघडला की चाक, चहा आला की चाक, पेपर तपासायला घेतले की चाक. मी हं हं करायचो, आणि ते उठून गेले की बाकीच्यांना त्यांची नक्कल करून दाखवायचो. चांगली करायचो.

त्यांच्या बोलण्यातली एक गोष्ट तर माझ्या डोक्यातच जायची. वीस इंची चाकाचे म्हणे दोन टायर येतात. एकावर रुंदी अपूर्णांकात लिहिलेली असते, एक पूर्णांक तीन चतुर्थांश. दुसऱ्यावर दशांशात, एक दशांश सात पाच. "गणितात दोन्ही पावणेदोनच," ते बोट नाचवून सांगायचे, "पण ही दोन वेगळी घराणी आहेत. कुणी कुठे कधी काढली देव जाणे. आतल्या घेराच्या व्यासात अर्ध्या इंचाचा फरक. दशांशाच्या रिमवर अपूर्णांकाचा टायर चढवाल तर सैल बसेल. हवा भरली, वजन पडलं, उतार लागला, की सुटलाच म्हणून समजा."

"पावणेदोन म्हणजे पावणेदोन," मी म्हणायचो.

"वहीत, गणितवाले. रस्त्यावर नव्हे."

मला राग यायचा. कानस घासणाऱ्या माणसाने मला अपूर्णांक शिकवावेत!

आता बाळाचं सांगतो. बाळा मिरकरवाड्यातला मासेविक्या. पहाटे लिलावात बांगडा, सौंदाळे, जे परवडेल ते घ्यायचं, बर्फ घालून पेटी कॅरियरला बांधायची आणि अठ्ठावीसच्या सायकलने वरच्या गावांत जायचं. चढ चालत, उतार जीव मुठीत धरून. बर्फाचं पाणी ब्रेकवर गळायचं. भरलेली पेटी मागे उंचावर, जरा कललं की सायकल आडवी. दोनदा पडला होता. त्यातच लूनावाले मासेविके निघाले, ते बाळाच्या आधी गावात पोचून विकून मोकळे व्हायचे. बाळा पोचेपर्यंत मासा मऊ. त्याचा मुलगा आमच्या शाळेत होता, त्याच्या कुठल्याशा दाखल्यासाठी बाळा आला आणि नेमका ह्यांच्या सुतळीच्या तावडीत सापडला.

"सर, ह्या चाकाबिकाचा मला काय कळत नाय," बाळा म्हणाला, "पेटी पडंल का नाय, तेवडा सांगा."

"नाही पडणार," हे म्हणाले. त्या दिवसापासून चार महिने त्या माणसाला दुसरं काही सुचलं नाही.

काय केलं, तर पुढचं चाक वीस इंची घेतलं. त्याच्यावर जी जागा मोकळी झाली तिथे लोखंडी चौकट बसवली, पण हॅण्डलला नाही, सायकलीच्या सांगाड्याला जोडून. म्हणजे हॅण्डल वळलं तरी पेटी वळायची नाही. पेटी खाली, डोळ्यांसमोर, पाणी गळलं तर रस्त्यावर, ब्रेकवर नाही. मी हसायचो, पण बाळाने शाळेच्या मैदानात भरलेली पेटी घेऊन आठ आकडा काढून दाखवला तेव्हा मीही तोंड मिटलं. बाळा उतरला आणि त्याने सरांच्या पायांना हात लावला. हे म्हणाले, "अरे मेल्या, चाकाला लाव."

ते पुढचं चाक म्हणजे कुवेतहून कुणीतरी आपल्या पोरासाठी आणलेल्या सायकलीचं. पोरगं वाढलं, सायकल गंजली, भंगारात ह्यांना ती रीम सापडली. जाड, मजबूत. वर छापलेलं, वीस गुणिले एक दशांश सात पाच. तिचा जुना टायर पार झिजून आतलं कापड दिसायला लागलं होतं.

मच्छीमारांच्या एका सोसायटीचे चेअरमन मैदानात येऊन सायकल बघून गेले. म्हणाले, "चढ कुणीपण चढंल. भरल्या पेटीनं माळनाक्यावरून खाली उतरून दाखवा. दाखवलात तर दहा सायकली करून घेतो तुमच्या वर्कशॉपात. पयली बाळाला." दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला रविवार ठरला. मी सुट्टीत मुंबईला बहिणीकडे जाणार होतो. ह्यांनी मला चिठ्ठी लिहून दिली. "टायर एक. वीस गुणिले १.७५. दशांशात. अपूर्णांकात असेल तर आणू नये." खाली दोन रेघा.

ती चिठ्ठी मी स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवली. अपूर्णांकात असेल तर आणू नये! माणसं टेबलावर हात आपटून हसली. ते कोपऱ्यात डबा खात होते. तेही हसले. म्हणाले, "हसा हो, हसा. पण आणा तोच."

मुंबईत सायकलच्या दुकानदाराने टायर काढून समोर ठेवला. वर अपूर्णांक. म्हणाला, "मास्तर, ह्यात दोन येतात. रिमचा नंबर काय तुमच्या? बघून न्या, परत घेणार नाही. दुसरा पाहिजे तर मंगळवारी या." मंगळवारी पुन्हा तेवढ्या लांब कोण येणार? मी त्याला विचारलं, "पावणेदोन आणि एक दशांश सात पाच, फरक किती?" तो म्हणाला, "नंबरचा फरक आहे." मी त्याच्याच वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर तिनाला चारने भागून दाखवलं. फरक शून्य. तो म्हणाला, "न्या." चिठ्ठी माझ्या वरच्या खिशात होती. दुकानातून बाहेर पडताना मी अगदी खुशीत होतो.

परत आलो तर हे थंडीतापाने अंथरुणात. दोन घोंगड्या अंगावर, दात वाजताहेत. पहिला प्रश्न, "आणलात?"

"आणला."

"दशांशातला ना?"

"हो हो."

"बघू."

"शाळेत ठेवलाय," मी म्हटलं. टायर बाहेर माझ्या सायकलीलाच अडकवलेला होता.

"बरं. शनिवारी बाळा येईल, तुम्ही दोघं मिळून बसवा. नवा टायर घट्ट असतो, दोन पान्हे लावावे लागतील. तुम्ही आहात म्हणजे मला काळजी नाही."

शनिवारी वर्कशॉपमध्ये तो टायर पान्ह्याशिवाय, नुसत्या हाताने बसला. मी म्हटलं, "बघ, कसा अलगद बसला!" बाळा अंगठ्याने दाबून बघत होता. म्हणाला, "सर, सैल वाटतोय ओ." मी म्हटलं, "नवा आहे. हवा भरली की धरेल." त्या क्षणी मला कळलं होतं का? कळलं होतं. पूर्ण नाही, पण अर्धं तरी. पण त्यांच्याकडे जाऊन "तुमचं बरोबर, माझं चुकलं" असं म्हणायचं? ज्याची चिठ्ठी वाचून सगळ्यांना हसवलं त्याला? मी पंप घेतला आणि हवा भरली.

रविवारी सकाळी सोसायटीची माणसं जमली. हे रिक्षा करून आले, डोक्याला मफलर, अंगावर शाल, वहिनींनी धरून चिऱ्यांच्या बांधावर बसवलेले. तिथून रस्ता दिसत होता, टायरवरची अक्षरं काही दिसत नव्हती. बाळा बंदरावरून भरलेली पेटी घेऊन चढ चढून आला, एकदाही न उतरता. माणसं चक्क टाळ्या वाजवायला लागली. चेअरमन म्हणाले, "आता उतर." हे बसल्या जागेवरून ओरडले, "सावकाश रे बाळा! ब्रेक धरून!"

वळणापर्यंत तो छान गेला. तिथे त्याने ब्रेक दाबला असेल. फाडकन आवाज आला, टायर रिमवरून निघून बाजूला उडाला आणि सायकल पेटीसकट तोंडावर गेली. बांगडे रस्ताभर. कावळे, कुत्री, पोरं, सगळी एकदम धावली. बाळा गटाराच्या कडेला उजवा हात पोटाशी धरून पडला होता आणि ओरडत होता, "माजा मासा! माजा मासा बगा!"

लोक बाळाकडे धावले. मी टायरकडे. उचलून बघितला, तीन चतुर्थांश, ठळक अक्षरांत. मी तो माझ्या सायकलीच्या कॅरियरला पिशवीखाली दाबला आणि संध्याकाळी मांडवीच्या जेट्टीवरून पाण्यात टाकला.

त्याआधी ते माझ्याशी त्याबद्दल एकदाच बोलले. शालीत कुडकुडत, लोकांमधून वाट काढत माझ्यापर्यंत आले. "टायर कुठे गेला हो?"

"फाटला तो. कुणीतरी नेला असेल."

"नीट बघून आणला होतात ना?"

"अहो, दशांशातलाच. गणिताचा माणूस आहे मी, आकड्यात चुकेन?"

"नाही. तेही खरंच," ते म्हणाले. मग वळून चेअरमनना सर्वांदेखत म्हणाले, "चूक माझी. चाक माझं होतं." चेअरमन म्हणाले, "मास्तर, तुमी आपली पोरांना कानस घासायला शिकवा." कुणीतरी हसलं. मीही हसलो असेन, माझी सवयच होती.

बाळाचं कोपर तीन ठिकाणी मोडलं होतं आणि बसलं ते वाकडं बसलं. हॅण्डल धरणं संपलं. मी दवाखान्यात भेटायला गेलो तर हळूच म्हणाला, "सर, तो टायर सैलच होता ओ." मी म्हटलं, "सैल नव्हता. तू ब्रेक जोरात दाबलास." तो डाव्या हाताने चादर सारखी करायला लागला. म्हणाला, "व्हय. मीच दाबला आसंल." पुढे त्याची बायको डोक्यावर पाटी घेऊन वरच्या गावांत चालत जायला लागली, आणि तो बंदरावर डाव्या हाताने जाळी विणत बसायचा. सर दर रविवारी त्याच्याशेजारी जाऊन बसत. दोघं एकमेकांची माफी मागत असत, हे मला वहिनींकडून कळलं. मला कधीच कुणी दोष दिला नाही.

त्यानंतर त्यांचं बोलणं कमी झालं. पाऊणचाकी सायकल चालवत होते, पण चाकांबद्दल ब्र काढायचे नाहीत. डबा खाऊन झाला की एक जाड वही उघडून काहीतरी गणितं करत बसायचे. मला वाटलं, बरं झालं, शांतता मिळाली. खरंच वाटलं.

अशी चार वर्षं गेली. आणि एका मार्चातल्या दुपारी त्यांनी ती वही माझ्या टेबलावर ठेवली. दोनशे पानी, कापडी पाठीची.

"गणितवाले, एक काम आहे. त्या दिवशी कुठे चुकलं ते मी शोधतोय. मला सापडत नाही. माझं गणित कच्चं. तुम्ही एकदा तपासून द्या. दोन वर्षांनी रिटायर होणार मी. त्याआधी कळायला हवं हो."

घरी नेऊन वाचली. सगळं होतं त्यात. पेटीचं वजन, बर्फाचं वजन, बाळाचं वजन, उताराचा कोन, तो त्यांनी रस्त्यावर गवंड्याची पाण्याची पट्टी लावून मोजला होता. पुढच्या चाकाचा चिमटा, तारा, रीम, वेल्डिंग, एकेक गोष्ट चार-चार, पाच-पाच वेळा तपासलेली, खोडलेली, पुन्हा मांडलेली. चौकटीच्या एका नटासाठी सहा पानं. आणि मध्ये एका पानावर एकच ओळ. "टायर. बरोबर. गणितवाल्यांनी स्वतः बघून आणला." पुढे बरोबरची खूण. ती ओळ त्यांनी पुन्हा तपासली नव्हती.

आठ दिवस वही माझ्याकडे होती. सांगायचं ठरवलं होतं. देवाशपथ ठरवलं होतं. लाल पेन उघडून त्या ओळीवर टेकवलंही. एक टिंब उमटलं आहे तिथे. मग पानं उलटत राहिलो, आणि सदतिसाव्या पानावर एक गुणाकार चुकलेला सापडला. हातचा धरायचा राहिला होता. त्यामुळे पुढच्या चाकावरचा भार चार किलोने कमी आला होता. चार किलो! त्या चाकाने त्याच्या दुप्पट भार हसत पेलला असता. त्या चुकीने काही म्हणता काही होत नव्हतं. मी तिच्याभोवती लाल गोल केला.

स्टाफरूममध्ये वही त्यांच्यापुढे उघडून बोट ठेवलं. "हे बघा. इथे. हातचा राहिला. भार कमी धरलात तुम्ही. चाक कमी पडलं."

त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. बोटं मोडून तो गुणाकार पुन्हा केला. मग खुर्चीत मागे टेकले आणि हसायला लागले. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. "हातचा! अहो, हातचा राहिला! चार वर्षं मी नटबोल्ट तपासतोय आणि हातचा राहिला! म्हणजे माझंच, गणितवाले. चाक कमीच पडलं. बाळाला सांगायला हवं आज, की तुझा ब्रेक नव्हता रे बाबा." त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. कानशीने खरवडलेले हात. "फार उपकार झाले. सुटलो मी."

मी म्हटलं, "होतं असं."

"सही करा," ते म्हणाले. "तपासणाऱ्याची सही पाहिजे खाली. पद्धत आहे ना तुमची."

मी "तपासले" असं लिहिलं आणि खाली सही केली.

पुढच्या आठवड्यात त्यांनी पाऊणचाकी सायकल कापून वर्कशॉपच्या भंगारात घातली आणि शाळेच्या शिपायाकडून अठ्ठावीसची जुनी सायकल घेतली. "सगळं जग चालवतं, त्यात काहीतरी असेल," एवढंच म्हणाले. खिशात सुतळी पुन्हा दिसली नाही. पाय पायडलला पोचत नव्हते, चढताना दोनदा पडले, म्हणून बांधकामाच्या ढिगातला एक चिरा फाटकाजवळ आणून ठेवायचा ठरवला. चिरा जड असतो, एकट्याच्याने हलत नाही.

तर पोरांनो, तुम्ही जो चिरा पळवायचात, तो फाटकापर्यंत नेताना एक बाजू त्यांनी धरली होती आणि दुसरी मी.